बाटलीचं तोंड

१

पेठ वडगावात भाच्यानं कोळशावर भाजलेल्या कोंबडीचा गाडा टाकायचं ठरवलं. शेगडी आली, गाड्याला रंग झाला, बोर्ड लिहून झाला. सॉस करायचं काम माझ्याकडे आलं. सॉस आठ दिवसांत जमला. तो कशात ठेवायचा आणि कशातून द्यायचा, हे ठरवायला अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांतली ही टिपणं.

२

सॉस असा: काकवी, आटवलेला टोमॅटोचा रस, व्हिनेगर, संकेश्वरी मिरची, भाजलेला लसूण, मीठ आणि घरची चटणी. कोल्हापूरकडे नुसतं चटणी म्हटलं की कांदा-लसूण मसाला.

अमेरिकेत बार्बेक्यू सॉसमध्ये मोलॅसिस घालतात. साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा पाक. आपल्याकडे त्या जागी काकवी बसते, आणि तिच्यातली साखर कुणी काढून घेतलेली नसते.

३

गुऱ्हाळावर काकवी मागायला जायचं तर वेळ साधावी लागते. काहिलीतला रस साधारण १०५ अंशांना पोचला की काकवी. तोच पुढं ११८ च्या आसपास गेला की गूळ. एवढ्याशा अंतरात गुळव्याची सगळी विद्या. पाण्याच्या वाटीत थेंब टाकतो, बोटानं गोळी वळते का बघतो, आणि ‘उतरा’ म्हणतो. थर्मामीटर मी तरी त्याच्या हातात पाहिला नाही.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली ती १८९५ साली, गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ साली. काकवीचा मान अजून घरगुतीच आहे. चपातीबरोबर, धिरड्याबरोबर, आणि थंडीत नुसती.

गुळाला भांडं लागत नाही. रवा फडक्यात बांधा, पोत्यात घाला, डोक्यावर घ्या. काकवीला पहिल्या क्षणापासून भांडं लागतं. माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

४

काकवीच्या बाटलीचं झाकण हमखास चिकटतं. कोमट पाण्यात दोन मिनिटं उलटं धरायचं. जोर लावायचा नाही.

५

पहिली खरेदी चुकली. दिसायला काचेसारखी स्वच्छ, पातळ, निमुळत्या तोंडाची बाटली घेतली, सहा नग. सॉस भरला, दाबली, सॉस आला. सोडली, तर दाबलेली जागा आतच राहिली. दुपारपर्यंत सहाही बाटल्या चेपलेल्या.

ही पेट. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. १९७३ साली नॅथॅनिएल वाइथ या अमेरिकन इंजिनिअरनं तिचं पेटंट घेतलं. (चित्रकार अँड्र्यू वाइथ यांचा भाऊ.) सोडावॉटरचा दाब आतून सहन करणं हे तिचं काम. बाहेरून दाबून पुन्हा पूर्ववत होणं हे तिचं काम नव्हतंच. चूक बाटलीची नव्हती.

६

बाटली उलटी करून बूड बघा. त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट. २ म्हणजे कडक पॉलिथिन, दुधाळ रंगाचं. ४ म्हणजे मऊ पॉलिथिन. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, उष्णता जास्त सोसणारं.

सॉस दाबून काढायचा तर ४. दाबली की दबते, सोडली की फुगून मूळ आकाराला येते. २ पण चालते, फक्त मनगट लवकर दुखतं, आणि रात्री दहा वाजता गाड्यावरच्या पोराच्या मनगटाचा विचार करायला हवा.

आकडाच नसेल, आणि अन्नासाठी आहे असं कुठंच लिहिलेलं नसेल, तर ती बाटली खाली ठेवा. रंगीत, जाड आणि स्वस्त असेल तर आणखी लवकर ठेवा.

७

पॉलिथिन सापडलं ते अपघातानं. मार्च १९३३, इंग्लंडमध्ये नॉर्थविच. गिब्सन आणि फॉसेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ प्रचंड दाबाखाली दुसराच प्रयोग करत होते. भांड्यात मेणासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं.

दाबातून जन्मलेली वस्तू. दाबण्यासाठीच वापरली जाते.

८

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वडगावात फिरून फक्त बाटल्या बघितल्या. चायनीजच्या गाड्यावर तीन: लाल, हिरवी, काळी. तिन्ही बाटल्या एकाच मापाच्या, तिन्हींचं टोक एकाच ठिकाणी कापलेलं. लाल सॉस दाट, तो बरोबर येतो. हिरवा मधेच अडतो आणि मग एकदम उडतो. काळा सोया सॉस पाण्यासारखा, त्याची धार भाताच्या बाहेर.

भेळवाल्याकडे बाटली नाही. स्टीलच्या डब्यात चिंचेचं पाणी, डब्यात चमचा. त्याचा हात इतका बसलेला की प्रत्येक भेळेला तेवढंच चिंचपाणी, थेंब इकडचा तिकडे नाही.

दाबेलीवाल्यानं गोड चटणीच्या बाटलीच्या टोकावर अगरबत्तीची काडी खोचून ठेवली होती. विचारलं. म्हणाला, “माशी बसत न्हाय, आन् वाळून बंद बी हुत न्हाय.” झाकण कुठं गेलं? “झाकान पयल्या दिवशीच हारवतंय, काका.”

९

भोक दुप्पट मोठं केलं तर सॉस दुप्पट येईल, असं मीही धरून चाललो होतो. तसं होत नाही. टोकाची लांबी आणि हाताचा दाब तेवढाच ठेवला तर काकवीसारखा दाट पाक जवळपास सोळापट येतो. दोन मिलिमीटरचं चार केलं की संपलं.

हा नियम १८४० च्या सुमारास प्वाझय या फ्रेंच डॉक्टरानं बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून शोधला. त्याला रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं ते समजून घ्यायचं होतं.

म्हणून नवीन बाटलीचं टोक कापताना अगदी वरून कापा. वापरून बघा. नाही आलं तर अजून एक बारीक चकती काढा. कापलेलं परत जोडता येत नाही. आमच्या पहिल्या डझनातल्या चार बाटल्या या घाईत गेल्या.

१०

“मामा, सॉस येईना.”

“दाब की.”

“दाबतोयच. आता बघा.”

आणि आला. एका दमात, गिऱ्हाइकाच्या शर्टावर.

टोकात मिरचीचं बी अडकलं होतं. मागं दाब साठत गेला, बी सुटलं, मागचा सगळा माल एकदम बाहेर. दोष माझा. चटणी जाडी-भरडी, लसूण ठेचलेला, मिरचीची सालं तशीच. जिभेला ते छान लागतं, पण बाटलीतून सुटत नाही.

त्या दिवसापासून सॉस दोनदा गाळतो. आधी पुरणाच्या चाळणीतून, मग बारीक गाळणीतून. चाळणीवर उरलेला चोथा फेकत नाही. मटणाच्या वाटणात जातो, आणि खरं सांगायचं तर सॉसपेक्षा तोच चविष्ट असतो.

माझं माप असं ठरलं: सॉसमधल्या सगळ्यात मोठ्या कणाच्या तिप्पट तरी भोक हवं. तेवढं मोठं भोक परवडत नसेल तर कण बारीक करा.

११

केचप आणि काकवी दोन्ही दाट, पण स्वभाव वेगळे.

केचप बाटली उलटी केली तरी जागचं हलत नाही. धक्का दिला, दाबलं, की पातळ होतं आणि धावतं. दाब काढला की पुन्हा घट्ट. त्यामुळे त्याची धार स्वच्छ तुटते.

काकवी स्वतःच्या वजनानंच निघते. सावकाश, पण थांबायचं नाव नाही. दाब काढला तरी टोकाला तार लोंबत राहते. ती तार ताटलीवर, मग गाड्यावर, मग बाटलीच्या अंगावर, मग हाताला.

आमचा सॉस दोन्हींच्या मधला. टोमॅटोचा रस अजून आटवला तेव्हा तार आखूड झाली. बाटलीनं जे सुटलं नाही ते पातेल्यात सुटलं.

१२

अमेरिकेत बार्बेक्यू सॉसचीही गावं आहेत. कॅन्सस सिटीचा टोमॅटो आणि मोलॅसिसचा, दाट, गोड. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागातला नुसता व्हिनेगर आणि मिरचीचा, पाण्यासारखा. दक्षिण कॅरोलायनात मोहरीचा, पिवळा. अलाबामात अंड्याच्या मेयोनेजचा, पांढरा.

चौघांना एकच बाटली देऊन चालणार नाही. व्हिनेगरवाल्याला शिंपडायला टाचणीएवढं भोक, कॅन्ससवाल्याला रुंद तोंड, आणि पांढऱ्याला बाटलीइतकीच बर्फाची पेटी.

आपल्याकडे तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. दोघांनाही वाटी आणि पळी. रस्सा बाटलीतून देऊ नये, या मताचा मी आहे.

१३

कोल्हापुरात १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला सकाळी जिलेबीचे स्टॉल लागतात. झेंडावंदन करून येताना पुडा घरी न्यायचा, ही इथली रीत.

जिलेबी घालणाऱ्याच्या हातातला फडका बघा. जाड कापड, मधोमध काज्यासारखं शिवलेलं छोटं भोक. मुठीत धरून दाबायचा. फडक्याला परत फुगायची गरज नाही, त्यामुळे हवा आत जात नाही, त्यामुळे धार मधे फटफटत नाही. अडीच वळसे, बोटानं भोक बंद, पुढची जागा.

मोठ्या गर्दीत भराभर घालायला याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. त्याला झाकण नाही एवढीच उणीव. घरी आता बायका सॉसच्या रिकाम्या बाटलीतून जिलेबी घालतात. ती बरी होते, पण वळसा मधेच तुटतो, कारण बाटली श्वास घेते.

१४

दाबून किंवा ओतून नेमकं देणारी जुनी साधनं, आठवली तशी:

तान्ह्या बाळाला दूध पाजायचं बोंडलं. चिमुकली चोच, ओठाला लागेल एवढीच.

सायकलच्या दुकानातली तेलाची कुपी. पत्र्याचं बूड, अंगठ्यानं दाबलं की टक्, सोडलं की टक्, आणि चेनवर एकच थेंब.

शेवेचा सोऱ्या.

मेंदीचा कोन.

देवाच्या अभिषेकाचं गळतं पात्र. त्याला दाब लागतच नाही. भोकात दर्भाची काडी किंवा सुताची वात, आणि थेंबामागून थेंब.

(दाबेलीवाल्याची अगरबत्तीची काडी इथं पुन्हा आठवली.)

१५

कोल्हापूरकडे रंग खेळायचा तो रंगपंचमीला. पोरं रिकामी बाटली घेतात, तापवलेल्या खिळ्यानं झाकणाला भोक पाडतात, पिचकारी तयार. मीही पाडलेली आहेत.

भाच्यानं पहिल्या आठवड्यात सॉससाठी तेच केलं. सांगावं लागलं की खिळ्यानं पाडलेल्या भोकाच्या कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकचा कचरा राहतो, आणि तो जेवणात जातो. रंगपंचमीला चाललं, कोंबडीला नाही.

१६

शाळेतली डिंकाची बाटली आठवते? वर रबराची टोपी, तिला तिरपी चीर. कागदावर टेकवून दाबलं की चीर उघडते, उचललं की मिटते.

१९९१ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये पॉल ब्राउन या कारागिरानं सिलिकोनची झडप बनवली. दाबलं की पाकळ्या उघडतात, सोडलं की मिटतात. आधी ती शाम्पूच्या बाटल्यांना लागली. हाइन्झनं केचपची दाबायची प्लॅस्टिक बाटली १९८३ साली आणली होती, आणि डोक्यावर उभी राहणारी, झडपवाली बाटली २००२ साली. १९८३ च्या आधी काचेची बाटली उलटी धरून बुडावर थापा मारणं हेच जगभर चालू होतं.

२०१२ साली एमआयटीत कृपा वाराणसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाटलीच्या आतून असा निसरडा थर दिला की केचप भिंतीला चिकटतच नाही, सगळं घसरून बाहेर येतं.

त्या मानानं आमचा उपाय जुना. रात्री बाटल्या डोक्यावर उभ्या करून ठेवतो, पेल्यांच्या कडेला टेकवून. सकाळी सॉस तोंडाशी असतो.

१७

सॉस गरम असताना मऊ बाटलीत भरू नका. हे प्लॅस्टिक उकळत्या पाण्याच्या आसपासच हात टेकतं, आणि काकवीचा पाक तर त्याहून गरम असतो. आमच्या एका बाटलीनं बसकण मारली.

दुसरं, हे कुणी सांगत नाही: अर्धी भरलेली बाटली शेगडीजवळ ठेवली की आतली हवा तापून फुगते आणि सॉस आपोआप बाहेर ढकलते. गाडा उघडून पाहिलं तर टोकाखाली सॉसचं थारोळं, आणि पोरावर उगाच आळ. बाटली शेगडीपासून हातभर लांब, सावलीत. किंवा भरलेली ठेवा. हवा कमी, ढकलणं कमी.

१८

भाजताना सॉस लावायला सगळे ब्रश वापरतात. ब्रश कच्च्या कोंबडीला लागतो, मग सॉसच्या भांड्यात बुडतो, मग पुन्हा कोंबडीला. त्या भांड्यातला सॉस नंतर पानात वाढला तर तो कच्च्या मांसाला शिवलेला सॉस.

बाटलीचं टोक कशालाच टेकत नाही. मला बाटली हवी होती ती या कारणासाठी. दिसायला बरी म्हणून किंवा अमेरिकेत असते म्हणून नाही.

तरी बाटल्या दोन. शेगडीकडची वेगळी, तिच्या मानेला काळा दोरा. गिऱ्हाइकाकडची वेगळी. दोऱ्याची बाटली पुढच्या फळीवर आली तर त्या दिवशी भाच्याला माझी बोलणी बसतात.

आणि सॉस शेवटी लावायचा. काकवीत साखर आहे, कोळशावर ती आधी रंग धरते आणि लगेच करपून कडू होते.

१९

एका मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात टेबलावरची बाटली दाबली. चव आंबूस, फसफसती. झाकण उघडलं. वर ताजा लाल सॉस, आणि तळाशी वेगळ्याच रंगाचा जुना. रोज रात्री वरून भर घालत असणार. बाटली रिकामी कधी झालीच नसेल, म्हणून धुतलीही नसेल.

दह्याला विरजण लावताना आपण कालचं थोडं आजच्यात घालतो आणि आज कालसारखं करून घेतो. सॉसच्या बाटलीत नेमकं तेच होतं.

२०

वरून भर घालायची नाही. रिकामी, धुतलेली, वाळलेली बाटली, तिच्यात नवा सॉस. उरलेला वेगळ्या वाटीत, आधी तो संपवायचा. बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख.

२१

मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, आणि तेलातून मऊ प्लॅस्टिकमध्ये शिरतो. साबणानं जात नाही. धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, बराच उतरतो. हळदीच्या डागाचं साडीवर जे करतो तेच.

लसणाचा वास मात्र उतरत नाही. लसणाची बाटली जन्मभर लसणाची. तिच्यात पुन्हा काकवी भरू नका.

२२

पॅराशूट खोबरेल पूर्वी पत्र्याच्या डब्यातून यायचं. प्लॅस्टिकच्या बाटलीला दुकानदारांचा विरोध होता, कारण उंदीर. आधीच्या कुणाच्या तरी चौकोनी बाटल्या उंदरांनी कोपरे धरून कुरतडल्या होत्या. पॅराशूटवाल्या मॅरिको कंपनीच्या हर्ष मारीवालांनी हे पुढं सांगितलं आहे: त्यांनी बाटली गोल केली, थेंबही पाझरणार नाही अशी केली, आणि पिंजऱ्यात उंदरांबरोबर ठेवून पाहिली. गोल बाटलीला दात लागेना. ते दाखवून दुकानदारांना पटवलं.

आमच्या घरच्या कोठीत चौकोनी बाटली होती. आता नाही.

२३

उंदरावर उपाय आहे. मुंगीवर एकच: ताटलीत पाणी, पाण्यात बाटली. आजी काकवीची बरणी अशीच ठेवायची.

२४

आता साठवणीचं.

एका वेळी दहा लिटर सॉस होतो. तो मऊ प्लॅस्टिकमध्ये महिनाभर ठेवावा असं मला वाटत नाही. व्हिनेगरचा वास हळूहळू बाहेर जातो, हवा हळूहळू आत येते, रंग काळवंडतो. मी दोन्ही करून पाहिलं. काचेतला सॉस महिन्यानं जसा होता तसा होता. मऊ बाटलीतला तपकिरी झाला होता आणि त्याची आंबट धार बोथटली होती.

काच आपल्या भागाला नवी नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला, लोकांनी वर्षाला एकेक पैसा देऊन. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना १९१६ साली. त्यांच्या प्रभाकर कंदिलाची काच आमच्या घरी माळ्यावर अजून आहे, कंदील नाही.

तर साठवायला काच, द्यायला मऊ प्लॅस्टिक. एकाच बाटलीकडून दोन्ही कामं करून घेण्याच्या नादात माझा पहिला दीड महिना गेला. माठ आणि तांब्या वेगळे असतात, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं.

काचेच्या बरणीचं झाकण पत्र्याचं असेल तर आतून लेप आहे का बघा. व्हिनेगर उघडा पत्रा खातं. चिनीमातीची बरणी सगळ्यात चांगली, पण ती उचलून ओतताना दोन माणसं लागतात.

२५

आंबटपणा मोजायची कागदी पट्टी मिळते. सॉसचा आकडा (पीएच) साडेचारच्या खाली हवा. डबाबंद अन्नातले सगळ्यात घातक जंतू त्या खाली वाढत नाहीत. आमचा चारच्याही खाली भरतो. तरी उघडलेली बरणी फ्रीजमध्ये. बुरशीला आंबट वर्ज्य नाही.

२६

शेवटी घेतली ती बाटली: मऊ, ४ आकड्याची, दुधी, आरपार दिसणारी. आतला सॉस किती उरला आणि तळाशी काय आहे ते झाकण न काढता कळतं, म्हणून रंगीत नको. अर्ध्या लिटरची. लिटरची बाटली भरल्यावर एका हातात मावत नाही, आणि पाव लिटरची दर तासाला भरावी लागते.

टोकाची टोपी दोरीनं झाकणाला बांधलेली. सुटी टोपी पहिल्या दिवशी हरवते, दाबेलीवाल्यानं सांगितलं ते खरं.

आणि तोंड रुंद. दुकानात बारीक तोंडाच्या बाटल्या जास्त मिळतात, दिसतातही सुबक. रुंद तोंडाची शोधायला दोनदा कोल्हापूरला जावं लागलं. दुकानदारानं विचारलं, “एवढं मोठं तोंड कशाला? भरायला नरसाळं असतंय की.” भरायला नरसाळं असतं. धुवायला हात लागतो. तीन बोटं आत जाऊन बुडाच्या कडेला पोचली पाहिजेत. ज्या बाटलीत बोटं जात नाहीत ती कधीच स्वच्छ होत नाही, ब्रश कितीही लांब असो. बाकी सगळ्या बाबतीत तडजोड केली, या एका बाबतीत नाही.

२७

भेळवाल्याला आमची बाटली दाखवली. हातात घेतली, दोनदा हवेत दाबून पाहिली, परत दिली. “चांगली हाय. पन मला चमचाच बरा.”

त्याचंही बरोबर आहे. हात बसलेला असेल तर चमच्यासारखं भांडं नाही. बाटली आहे ती रोज बदलणाऱ्या पोरांसाठी.

२८

थंडीत सकाळी सॉस निघत नाही. काकवी गारठून घट्ट होते. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो तशी ही कोमट पाण्यात. दहा मिनिटं.

२९

भाच्याच्या गाड्यावर आता सहा बाटल्या आहेत. चार वापरात, दोन धुऊन उलट्या वाळत. रात्री गाडा धुण्याआधी बाटल्या धुतल्या जातात. टोक वेगळं, झाकण वेगळं, बाटली वेगळी. झाकणाच्या आट्यांतला सॉस जुन्या दात घासायच्या ब्रशानं.

३०

तुमच्या फ्रीजच्या दारात सॉसची एखादी बाटली असेलच. आज तिचं झाकण पूर्ण उघडा, आट्यांवरून बोट फिरवा, आणि मग ठरवा.